मुंबई हाय : तेल वाढवायचंय? मग आधी पाण्याचं बघा

जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा पुरवायला ब्रिटनच्या बीपी कंपनीची निवड केली. दहा वर्षांत तेल आणि वायूचं उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, असा बीपीचा अंदाज आहे. बातम्यांमध्ये हाच आकडा गाजला. पण इतक्या जुन्या तेलक्षेत्रात खरी लढाई पाण्याशी असते.

विहिरीत पाणी येतं कुठून?

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडीत हे तेल आहे. 1974 मध्ये ते सापडलं, 1976 पासून आपण ते काढतोय. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. स्पंजात पाणी मुरावं तसं ते खडकाच्या बारीक छिद्रांत असतं आणि त्याच्या खाली बहुधा खारं पाणी असतं. तेल उपसलं की दाब घटतो आणि ते पाणी वर सरकतं.

दुसरं पाणी कंपनी स्वतःच सोडते. समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून ते वेगळ्या विहिरींतून खडकात ढकलतात. त्यामुळे दाब टिकतो आणि तेल पुढे सरकतं. पण खडक सगळीकडे सारखा नसतो. भेग किंवा जास्त सच्छिद्र थर सापडला की पाणी तीच सोपी वाट धरतं. मग विहिरीत पाणी येत राहतं आणि तेल मागेच अडकतं.

टक्क्यांचा खेळ

विहिरीतून येणाऱ्या द्रवात 80 टक्के पाणी असेल, तर एक बॅरल तेलामागे 4 बॅरल पाणी उपसावं लागतं. 90 टक्क्यांना 9 बॅरल, 95 टक्क्यांना थेट 19! हे सगळं वर आणायचं, वेगळं करायचं आणि समुद्रात सोडण्याआधी त्यातलं तेल काढायचं. म्हणून बऱ्याच विहिरी तेल संपल्यामुळे नाही, तर पाण्याचा खर्च परवडत नाही म्हणून बंद होतात.

उपाय काय?

आधी विहिरीत मोजणीची उपकरणं सोडून कुठल्या थरातून पाणी येतंय ते शोधतात. याला चक्क ‘लॉगिंग’च म्हणतात. लॉग वाचून बग शोधण्यासारखंच काम! मग तो थर सिमेंटने किंवा पॉलिमर जेलने बुजवतात, झडपा बसवून प्रवाह आवरतात, नाहीतर त्याच विहिरीला बाजूने नवी शाखा काढतात. निदान चुकलं तर पाण्याऐवजी तेलाचीच वाट बंद होते.

मग 60 टक्क्यांचं काय?

हा आकडा नीट वाचा. रोजचं उत्पादन आजच्या 60 टक्क्यांनी वाढेल, असा त्याचा अर्थ नाही. सध्याच्या पद्धतीने दहा वर्षांत एकूण जेवढं निघेल असं गृहीत धरलंय, त्याच्याशी ही तुलना आहे. जुन्या क्षेत्राचं उत्पादन आपोआप घटतच असतं. त्यामुळे घसरण थोपवणं हेही मोठं यश ठरेल.

आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आयात करतो. त्यामुळे घरच्या प्रत्येक बॅरलला किंमत आहे. पुढच्या वेळी ‘उत्पादन वाढलं’ अशी बातमी आली, तर एवढंच विचारा : त्यासोबत पाणी किती आलं?