तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी!

मागच्या दिवाळीत माझा भाऊ भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन टिटवाळ्याला आला. झोपायला बाकडी, छोटा ओटा, पाण्याची टाकी, सगळं गाडीतच! आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल ऐकत होते; पाहिली मात्र पहिल्यांदाच. मुलांना सर्वांत आवडली ती पुढची सीट. दार उघडून खटका दाबला की ती गर्रकन वळून मागे तोंड करते आणि मग सगळे समोरासमोर बसून गप्पा मारायला मोकळे.

सासूबाई ओट्यावर बसून हे बघत होत्या. सीट अर्ध्यावर, दाराकडे तोंड करून थांबली तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "अगं, आपल्या गाडीची अशी इथेच थांबवता आली, तर मी पण बसेन की!"

मैत्रिणींनो, मला चर्रर्र झालं. कारण गेली दोन वर्षं त्यांचं एकच पालुपद होतं, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." लग्न असो, बारसं असो, संकष्टीला महागणपतीचं दर्शन असो. आम्हाला वाटायचं, वयामुळे हौस संपली. प्रत्यक्षात हौस होती तिथेच होती, वाकत नव्हते ते गुडघे!

देऊळ आमच्या घरापासून फार लांब नाही. पण रिक्षात चढायला पाय उचलत नाही. आमची गाडी बुटकी. आधी मान वाकवायची, एका पायावर तोल सांभाळत कंबर पिळायची, मग दुसरा पाय ओढून घ्यायचा. एकदा देवळाजवळ उतरताना साडी पायात अडकली आणि त्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा अडकून बसल्या. काखेत हात घालून मी ओढतेय, चार माणसं थांबून बघतायत. लागलं काही नाही, पण त्या दिवसापासून 'नको' सुरू झालं. माझीही कंबर पुढे आठ दिवस धरली होती, हे कुणाला सांगणार?

भाऊ परत गेल्यावर मी चौकशीला लागले. म्हाताऱ्या माणसांसाठी दाराबाहेर वळणारी सीट परदेशात बऱ्याच वर्षांपासून मिळते. आपल्याकडेही डिसेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने बेंगळुरूच्या एका नव्या कंपनीच्या मदतीने वॅगनआरसाठी अशी सीट आणली. सुरुवात ११ शहरांतून झाली. नव्या गाडीत बसते, तशी घेतलेल्या गाडीतही बसवता येते. सीट दाराकडे वळते, माणूस सरळ टेकतो, मग सीट आत फिरते आणि पाय आपोआप आत येतात. वाकणं नाही, पिळणं नाही. शिवाय आपल्याकडे ही सीट डावीकडची, रस्त्याच्या कडेची. त्यामुळे रहदारीत उतरायची भीतीही नाही.

हे ऐकून आमच्या ह्यांनी लगेच ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काय त्यात? कापून वेल्डिंग मारून देतो!" मी साफ नाही म्हटलं. अहो, सीट म्हणजे घरातला पाट नव्हे. गाडी धडकली तर माणसाचा सगळा भार सीट, तिचे बोल्ट आणि पट्टा यांच्यावर येतो. काही गाड्यांत सीटच्या आत एअरबॅग आणि तिच्या वायरीही असतात. म्हणून ती त्या गाडीसाठीच बनवलेली, तपासलेली हवी आणि आत वळल्यावर पक्की लॉक व्हायला हवी. गाडीत बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरबदल करायला परवानगी देण्याची सोय मोटार वाहन कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर वाहनांत असे बदल करून देण्याच्या योजना आखायला सरकारला सांगितलं आहे. आपण मागितलंच नाही, तर त्या कागदावरच राहतील.

प्रत्येक गाडीत ही सीट बसतेच असंही नाही. छप्पर उंच हवं आणि दार रुंद हवं. आमच्या गाडीत ती बसणार नाही. मग हात चोळत बसायचं का? नाही. आम्ही पुढची सीट पूर्ण मागे सरकवतो, पाठ थोडी कलती करतो, सीटवर गुळगुळीत कापड टाकतो. आई पाठमोऱ्या होऊन आधी टेकतात आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतात. बसल्यावर कापड काढायचं, पाठ सरळ करायची आणि पट्टा लावायचा, हे मात्र विसरायचं नाही. गोल फिरणारी उशी बाजारात मिळते, पण गाडी चालू असताना तीही खाली नको, ती घसरते. या युक्तीने दोन वर्षांनी आईंनी बाप्पाचं दर्शन घेतलं. परत येताना म्हणाल्या, "नदीकडून घे गं जरा." काळू नदी त्यांनी किती दिवसांनी पाहिली!

आता खरं बोलू? गाडी घेताना आपण रंग बघतो, अॅव्हरेज बघतो, गाणी वाजवायचं यंत्र बघतो. सीट कव्हरला हजारो रुपये मोजतो. पण घरातल्या वयस्कर बाईला शोरूममध्ये नेऊन, "आई, बसून बघा बरं, जमतंय का?" असं कितीजण विचारतात? पुढची जागा घरातल्या पुरुषाची हे ठरलेलंच, आणि जिचे गुडघे दुखतात ती मागे, कोपऱ्यात. वळणाऱ्या सीटला 'चैन' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की माणसाला उंबऱ्याबाहेर काढणारी वस्तू चैन कशी?

आमच्या घरी ठरलंय. पुढची गाडी आई बसून पसंत करतील तीच, आणि वळणाऱ्या सीटसाठी भिशीचे पैसे मी बाजूला ठेवतेय. तुमच्याही घरात कुणीतरी "तुम्ही जाऊन या" म्हणत असेल. पुढच्या वेळी तो नकार लगेच मान्य करू नका. जवळ बसून विचारा, यायचं नाहीये, की गाडीत बसता येत नाहीये?