ज्वारीची भाकरी व शिधापत्रिका

ज्वारीचा पेरा का घटला, असा प्रश्न निघाला म्हणजे लोकांची आवड पालटली, असे उत्तर मिळते. आम्हांस हे उत्तर अर्धवट वाटते. सोलापूर-बीडकडील कोरडवाहू मुलखात दोन पिढ्यांपूर्वी गव्हाची पोळी सणावारी किंवा पाहुणा आला तरच होई. ती रोजची झाली, ती केवळ जिभेच्या लहरीने नव्हे.

इ. स. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने घेतला व तेथील तांदूळ यावयाचा थांबला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. घरात काय शिजावे हे दुकानातील पोते ठरवू लागले, ते तेव्हापासून. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू आला, १९७२ च्या दुष्काळात तांबडी मिलो आली. तिची आठवण काढताना वृद्ध मंडळी अजून तोंड वाकडे करतात. पुढे पंजाब-हरियाणाचा गहू सरकार हमीभावाने खरीदू लागले व तोच गावोगाव पोहोचला. ज्वारीस असे खात्रीचे गिऱ्हाईक लाभले नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित वाण निघाला. उतारा चांगला, परंतु खरिपाचे कणीस पावसात सापडले की दाणे काळे पडत. शाळूची भाकरी खाल्लेल्या माणसाने ती ज्वारी नाकारली, यात नवल नाही. खरिपाच्या त्या जमिनी पुढे सोयाबीनकडे गेल्या.

या हिशेबात शहरी लेखक कडबा विसरतात. ज्वारी हे माणसाचे तसे बैलाचेही पीक. ताटातून भाकरी उठली, तशी शेतातून वैरण उठली. आणि वैरण विकत घेणे न परवडून कित्येकांनी दावणीची जनावरे बाजारात नेली.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोस १ रुपया दराने देण्याची तरतूद होती. २०२३ पासून शिध्याचे धान्य मोफत झाले, त्याच वर्षी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले गेले व त्यांस ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले. नाव गोड आहे. परंतु आमच्याकडील शिधापत्रिकेवर बहुतेक महिने गहू-तांदूळच पडतो, आणि ज्वारीचे पीठ सुबक पिशव्यांतून शहरात विकले जाते. ज्या मजुराच्या आजाने भाकरीवर जन्म काढला, त्यास आज गहू फुकट व ज्वारी महाग!

शाळूच्या जिल्ह्यांत सरकारने शाळू हमीभावाने घ्यावा व तेथल्याच दुकानांतून वाटावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कर्नाटकात नाचणी व ज्वारी शिधापत्रिकेवर देण्यात आली आहे. ज्वारीस कीड लवकर लागते, ही अडचण खरी. तथापि फाल्गुनात खळ्यावर आलेला माल आषाढापूर्वी त्याच तालुक्यात वाटून संपविता येईल. आमचे वाडवडील तर तो पेवात वर्षानुवर्षे ठेवीत असत.