खिडकीच्या आतल्या बाजूला

वेल्ह्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर ‘गेम’ हा शब्द काढून बघा. कुणाचा पुतण्या रमीत पैसे घालवून बसलेला असतो, कुणाचा भाचा रात्री दोन वाजता गोधडीत मोबाइलसकट सापडलेला असतो. मराठीत ‘गेम केला’ म्हणजे माणूस मारला. तेव्हा शब्दाची अब्रू आधीच गेलेली आहे. अशा जागी मी म्हणतो की काही व्हिडिओ गेम्स पोरांना आपणहून आणून द्यावेत, आणि तेही गोष्टीसाठी. ऐकणारे माझ्याकडे दारूचं दुकान काढायला निघालेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

त्यांची तक्रार खोटी नाही, पण तिचा पत्ता चुकलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि पैसे न लावता खेळायचे खेळ त्याच कायद्याने वेगळे काढले. जो फरक संसदेला दिसला तो टपरीवर का दिसू नये? जुगाराचा खेळ संपू नये अशीच त्याची बांधणी असते. गोष्टीच्या खेळाला शेवट असतो. चार-पाच तासांत, फार तर पंधरवड्यात तो संपतो आणि माणूस मोकळा होतो.

शिकलेल्यांचा आक्षेप जरा वरच्या पट्टीतला: गोष्ट वाचावी, ऐकावी, बटणं दाबून कसली आलीय गोष्ट? हे बोलणारेच दिवाळीत नातवाला किल्ल्यासाठी माती आणून देतात. समोर खराखुरा तोरणा उभा असताना आमची पोरं अंगणात दगडमातीचा गड रचतात, त्यावर अहाळीव पेरतात, आणि चोर दरवाजा कुठे ठेवायचा, पहाऱ्यावर किती मावळे, यावरून दोन दिवस भांडतात. ती गोष्ट कुणी वाचत नाही, कुणी सांगत नाही. मांडामांडीतून आणि भांडणातून ती घडते. चांगला गेम याच जातीचा असतो.

लुकास पोप या एकट्या माणसाने २०१३ साली ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ काढला. चित्रं ओबडधोबड, रंग मळके. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरच्या तपासणी खिडकीत तुम्ही कारकून आहात. रांगेतून माणूस येतो, पासपोर्ट ठेवतो. तारीख, शिक्का, फोटो ताडून हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. चुका वाढल्या की पगार कापला जातो, आणि घरी बायको, पोरगं, सासू, मामा. संध्याकाळी हिशेब समोर येतो: जेवण, ऊब, औषध. तिन्हींना पैसे पुरत नाहीत. अशात एक नवरा येतो, कागद चोख. तो जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, जरा बघा. बायकोकडे प्रवेशाचा परवानाच नाही.

मी आयुष्यभर खिडकीच्या बाहेर उभा राहिलोय. एका उताऱ्यासाठी एका कचेरीत सात खेपा घातल्या आणि आतल्या माणसाला मनात काय काय म्हटलं ते छापता येणार नाही. या खेळाने मला पहिल्यांदा आत बसवलं. त्या बाईला मी परत पाठवलं. दंड नको होता, मामा आजारी होता. कादंबरीत असा कारकून भेटला असता तर मी त्याला नालायक ठरवून पान उलटलं असतं. इथे शिक्का माझ्या हातात होता. म्हणून कचेरीतला तो माणूस मला आवडू लागला असं मात्र नाही.

हिंसेचं म्हणाल, तर अफझलखानाच्या वधाचा पोवाडा आपण पोरांना मांडीवर घेऊन ऐकवतो. रक्त किती सांडलं यापेक्षा त्याचं पुढे काय होतं, ते बघावं. सारायेव्होच्या वेढ्यावरून स्फुरलेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ या पोलिश खेळात तुम्ही सैनिक नसताच; पडक्या घरात लपलेली साधी माणसं असता. म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषध चोरता येतं, अडवणारं कुणी नसतं. पण चोरून आणणारा परत येऊन खिन्न होऊन बसतो, कामाला हात लावत नाही. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा खेळ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला, मोठ्या विद्यार्थ्यांसाठी.

‘यात आपलं काय?’ हा प्रश्न मला खरा टोचतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखी दृश्यं, गोष्ट सांगायला विष्णू आणि दुर्गा. जरूर खेळावा. शेवट मात्र घाईत उरकलाय, आणि महाल सगळे राजस्थानी थाटाचे. पुण्यात बसून यांना सह्याद्री दिसला नाही, याचं मला वाईट वाटतं. अलास्कातल्या मूळनिवासींच्या संस्थेने २०१४ साली इन्युपियात लोकांच्या गोष्टीवरून ‘नेव्हर अलोन’ हा खेळ करून घेतला तेव्हा त्या लोकांतल्या जाणत्यांना निर्मात्यांसोबत बसवलं, आणि निवेदन त्यांच्याच भाषेत ठेवलं.

आमच्या वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं. २०२५ च्या जुलैत राजगड किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. फलक लागले, भाषणं झाली. पण तोरण्याच्या डागडुजीत धनाचे हंडे सापडले आणि ते धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा गड, म्हणजेच राजगड, बांधायला लावलं, ही जी कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, ती ऐकून कुणाला प्रश्न पडत नाही. कारण उत्तर आधीच ठाऊक असतं. तेच हंडे खेळणाऱ्याच्या पुढ्यात ठेवा. समोर अर्धवट ढासळलेला तट, पगार मागणारी माणसं, विजापूरला बातमी पोचायला लागणारे मोजके दिवस. हातातला गड सावरायचा, की पलीकडच्या बोडक्या डोंगरावर डाव लावायचा? कुणी एखादा तट सावरेल आणि हरेल. राजगड का बांधला, हे त्याला भाषणापेक्षा नीट कळेल.

तोवर आहेत ते खेळा. ‘पेपर्स, प्लीज’ आणि ‘धिस वॉर ऑफ माइन’ साध्या स्मार्टफोनवरही चालतात. दहावीच्या आतल्या पोराच्या हाती देऊ नका, आणि आधी स्वतः खेळा. एकदा उतरवून घेतले की रेंज लागत नाही. पुण्याला गेलात की तिथेच उतरवून घ्या.