ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

मी शेंद्रा औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते आणि रात्री बी.ए.चा अभ्यास करते. माझ्या विद्यापीठाने यंदा ऑनलाइन अभ्यासाच्या पोर्टलचे रूप बदलले. नवे रूप चांगले आहे, हे आधीच सांगून टाकते. पूर्वी एक पाठ उघडायला चार ठिकाणी बोट लावावे लागे. आता पहिल्याच पानावर विषय, राहिलेले स्वाध्याय आणि ते द्यायची तारीख दिसते. तेही मराठीत.

पण त्या पानापर्यंत पोचायचे कसे? पूर्वी नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड टाकला की काम होई. आता दर वेळी ओटीपी लागतो, आणि तो प्रवेशअर्जात लिहिलेल्या मोबाइलवर येतो. अर्ज भरताना आमच्यातल्या बहुतेकींनी नवऱ्याचा नाहीतर भावाचा नंबर दिलेला. माझ्या नवऱ्याची रात्रपाळी असली की त्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा. इकडे मी मुलीचा फोन घेऊन बसलेली. आकडा विचारायचा कुणाला? कसाबसा मिळालाच, तर भाकरी टाकायला उठेपर्यंत पान आपोआप बंद. पुन्हा ओटीपी! कुंभेफळच्या एका मैत्रिणीचा नवरा घरीच असतो. तो आकडा सांगतो, पण आधी विचारतो, “आत्ता कशाला हवंय?” म्हणजे शिकायची परवानगी तिने रोज नव्याने मागायची. लग्नाआधी वडिलांना विचारले, मग सासऱ्यांना; आता विद्यापीठानेच तशी सोय करून ठेवली.

ही रड आमच्या चार घरांपुरती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनीच कधीतरी इंटरनेट वापरलेले होते. पुरुषांत हेच प्रमाण ६१.५ टक्के. आमच्या शेंद्र्याला ‘ऑरिक’ नावाचे स्मार्ट औद्योगिक शहर उभे राहते आहे, त्याच्या कुंपणालगतच्या वस्त्यांतही घरातला चांगला फोन पुरुषाच्याच खिशात असतो.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. माझे विद्यापीठ वेगळे. पण तिथे शिकलेली माझी जाऊ सांगते, पुस्तक एकदा हातात आले की ते आपले. पीठ मळतानाही समोर उघडे ठेवता येई.

तोतयांना आळा घालायला ओटीपी हवा, असे केंद्रावर सांगतात. परीक्षेला असू द्या की. नुसता पाठ वाचायला कशाला? कोण तोतया रात्री अकराला माझा समाजशास्त्राचा धडा वाचणार आहे? नंबर बदलून घ्या म्हणतात, तर त्यासाठी कामाच्या दिवशी शहरात जायचे. म्हणजे खाडा, आणि मजुरी बुडाली.

मागच्या रविवारी आम्ही अकराजणींनी विद्यापीठाला अर्ज लिहिला. वाचनासाठी पासवर्ड पुरेसा धरावा, नंबर रविवारीही बदलून मिळावा, आणि पुढच्या वेळी पोर्टल बदलाल तेव्हा पाळीत काम करणाऱ्या दोघीचौघींच्या हाती आधी देऊन पाहावे. सह्यांपुढे मोबाइल नंबरचा रकाना होता. सहाजणींनी पुन्हा नवऱ्याचाच नंबर लिहिला. मग तो रकानाच खोडला आणि माझ्या घरचा पत्ता घातला.

तुमच्या गटातल्या शिकणाऱ्या बायकांनाही एकदा विचारा, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो. आणि असेच असेल तर तुम्हीही अर्ज करा. अकरा सह्यांचा कागद बाजूला सारणे सोपे असते.