नवी कॉइल, थोडा धीर
ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली, आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या अनेकांच्या हाती पहिल्यांदाच कॉइल बदलायचा व्हेप आला. नवख्यांना नडते ती घाई. कॉइलमध्ये तारेलगत कापूस असतो. तो कोरडा असताना बटण दाबलं की करपतो, आणि ती करपट चव मग कशानेही जात नाही. म्हणून नव्या कॉइलच्या कापसावर व्हेपच्या द्रवाचे दोन-चार थेंब सोडा, टाकी भरा, १० मिनिटं थांबा, आणि कॉइलवर छापलेल्या वॅटच्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. साधारण आठ-पंधरा दिवसांत चव उतरते. गोड द्रव वापरणाऱ्यांची त्याआधीच, कारण त्यातलं सुक्रालोज तारेवर काळं, चिकट साचतं. तेव्हा कॉइल बदलाच, रेटू नका. टाकी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. सुटी बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात कधीही टाकू नका. निकोटीनचा द्रव विषारी असतो, तो मुलांच्या हाती लागता कामा नये. सिगारेट न ओढणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. आणि लंडनहून सुटीला मुंबईत येणाऱ्यांनी व्हेप तिकडेच ठेवावा: भारतात २०१९ च्या कायद्याने त्याच्या आयातीवर, विक्रीवर आणि साठवणुकीवर बंदी आहे.