पऱ्हाटी पेटवण्याऐवजी तिच्यापासून वीज? गॅस आणि फ्युएल सेलचं गणित कुठे अडतं?

कापसाचा हंगाम संपला की विदर्भ-मराठवाड्यात बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काही चुलीत जातात, तर काही शेतातच पेटवल्या जातात. बोंडअळीचा धोका असल्याने त्या शेतात ठेवूनही चालत नाही. याच पऱ्हाटीपासून वीज बनवता येते. मग ती गावोगावी बनत का नाही?

वीज कशी बनते?

काड्या उघड्यावर जाळल्या की उष्णता आणि धूर मिळतो. बंद भट्टीत हवा मोजकीच सोडली, तर त्या पूर्ण जळत नाहीत, त्यांचा गॅस होतो. हे गॅसिफिकेशन. या गॅसमध्ये मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे ज्वलनशील वायू असतात.

यातला हायड्रोजन वेगळा काढून फ्युएल सेलमध्ये सोडतात. तिथे काहीच जळत नाही. हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या रासायनिक क्रियेतून थेट वीज तयार होते आणि मागे उरतं ते पाणी.

किती वीज मिळते?

बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने भट्टीत हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ वापरली. १ किलो बायोमासमध्ये मुळात सुमारे ६० ग्रॅम हायड्रोजन असतो, पण या पद्धतीने १०० ग्रॅम मिळतो. कारण वाफेतला हायड्रोजनही मोकळा होतो.

म्हणजे १ टन बायोमासमागे १०० किलो हायड्रोजन. १ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते आणि फ्युएल सेल त्यातली साधारण निम्मी विजेत बदलतो. हिशेब होतो जवळपास १,६०० युनिटचा. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या १६ घरांची महिन्याची वीज! अर्थात ऑक्सिजन बनवणं आणि गॅस वेगळा करणं यातही वीज खर्च होते, ती यातून वजा करावी लागते.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण गॅसची. त्यात डांबरासारखा चिकट टार, धूळ आणि गंधकाचे अंश असतात. बस-गाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम असतं, त्याला कार्बन मोनॉक्साइडचा थोडासा अंशही निकामी करू शकतो. उच्च तापमानाचे सॉलिड ऑक्साइड सेल हा वायू इंधन म्हणून वापरतात, पण गंधक त्यांनाही सोसत नाही. त्यामुळे शुद्धीकरणाचा खर्च टळत नाही.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. पऱ्हाटी वजनाला हलकी, पण जागा भरपूर खाते. ती उपटणं, तुकडे करणं आणि ट्रॉलीने वाहून नेणं याला मजुरी आणि डिझेल लागतं. प्रकल्प जितका लांब, तितकी वीज महाग आणि कमी 'स्वच्छ'.

'कचऱ्यापासून फुकट वीज' अशी पोस्ट दिसली तर म्हणूनच दोन गोष्टी तपासायला हव्यात. गॅस शुद्ध करण्याचा खर्च धरला आहे का? आणि शेतकऱ्याला टनामागे किती पैसे मिळणार? ज्या घरात आजही पऱ्हाटीवरच चूल पेटते, तिथे ती कचरा नाही, सरपण आहे. योग्य भाव मिळाला नाही, तर ती प्रकल्पापर्यंत पोहोचणारच नाही.