वजनकाटा वस्तीवर कधी येणार?

बालकांच्या पोषणाचं सर्वेक्षण म्हटलं की गावात दोन दिवस धावपळ असते. काटा टांगतात, उंची घेतात, दंडाला पट्टी लावतात. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की मूल तीव्र कुपोषित. या शास्त्राशी आमचं भांडण नाही. आमचा सवाल आहे, काटा कुठे टांगता आणि कधी टांगता?

अंगणवाडी गावठाणात, वस्ती ओढ्यापलीकडे. मजुरीला गेलेली आई दुपारी बारा वाजता मूल घेऊन तिथे कशी पोहोचणार? दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. लहान पोरं आईबरोबर कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांवर राहतात. गावच्या रजिस्टरात ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, कारखान्याच्या गावात त्यांचं नावच नसतं. मग हजर मुलांची टक्केवारी काढायची आणि कुपोषण घटलं म्हणून सांगायचं! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. आज ऊस तोडणारी बाळंतीण फडात आहे आणि तिचं मूल कुठल्याच यादीत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुजी होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती ३५.२ टक्के झाली. हे प्रगत म्हणवणारं राज्य! तरी अधिकारी आईलाच शिकवतात, ‘बाई, पालेभाजी द्या, अंडी द्या.’ जणू अंडं पौष्टिक असतं हे तिला माहीतच नाही. तिच्याकडे जमीन किती, मजुरी किती, विहिरीवर तिला पाणी भरू देतात का, हे कोणी विचारत नाही. देशपातळीच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांचे आकडे वेगळे छापतात. मग गावच्या अहवालात ‘एकूण बालके’ एवढाच रकाना का? सगळ्यांची सरासरी काढली की पाटलाच्या वाड्यातलं गुटगुटीत पोरगं आमच्या वस्तीतल्या पोराची भूक झाकतं.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला आहे. सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य आहे. तेव्हा मुलं आपणच मोजू. विहारात बसून घरवार यादी करू, ऊसतोडीला गेलेल्यांची नावं आधी लिहू. यादीसोबत अर्ज तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायचा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.